पुस्तक पिशवीत घालून सीमाभागात कसं हिंडायचं

निपाणी सोडून बेळगावच्या दिशेनं निघालं की तवंदीचा घाट लागतो. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या गाड्या तो बघता बघता मागे टाकतात. खिडकीतून टेकड्या दिसतात, स्तवनिधीचं जैन क्षेत्र मागे पडतं आणि संकेश्वर आलंसुद्धा. मीही कित्येक वर्षं तशीच येत-जात होते. मग एका डिसेंबरात इंदिरा संतांच्या कवितांचं पुस्तक पिशवीत घेऊन मुद्दाम तिथं उतरले. इंदिराबाईंचं बालपण तवंदीत गेलं आणि पुढचं बहुतेक आयुष्य बेळगावात, शिकवण्यात. रस्त्यापासून थोडं आत चालत गेले आणि एका बांधावर बसले. गवत वाळून सोनेरी झालेलं, वारा असा की पान हातानं दाबून धरावं लागत होतं. एक कविता मोठ्यानं वाचली. शेरडं राखणारी एक मावशी वरच्या बांधावरून बघत होती, ती खाली आली.

"कसलं वाचतीस गं बाई?"

"कविता. तुमच्याच गावात वाढलेल्या बाईंनी लिहिल्यात."

ती पदर सावरून शेजारी बसली. म्हणाली, "मग परत वाच की."

परत वाचली. ऐकून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "वारं बरोबर सांगितलंय."

खानापूर तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत मी ३१ वर्षं शिकवलं. कवितेचा अर्थ, कवयित्रीचा परिचय, रिकाम्या जागा भरा, सगळं केलं. वाऱ्याबद्दल इतकं नेमकं वर्गात कधी कुणी बोललं नव्हतं, मीही नाही. त्या दिवसापासून मी पुस्तक घेऊन हिंडते. महिन्यातून एक रविवार तरी. बेळगावात शहापुरातल्या माझ्या घरी येणारे-जाणारे विचारतात, कसं जाता, कुठं उतरता, पुस्तक कुठलं नेता. त्यांच्यासाठी आणि सांगलीपुण्याकडून येणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पुस्तक, मग वाट

बहुतेक जण उलटं करतात. गोकाकचा धबधबा बघायचा ठरवतात आणि निघताना कपाटातलं हाताला लागेल ते पुस्तक पिशवीत टाकतात. ते पुस्तक तसंच परत येतं. माझा नियम एका वाटेला एक पुस्तक, आणि ते त्या वाटेचं असलं पाहिजे. लेखक तिथला, किंवा गोष्ट तिथली, किंवा निदान त्यातली बोली तिथली.

आपल्या भागात अशी जोडी जुळवायला फार शोधावं लागत नाही. बेळगावहून उचगाव, बेकिनकेरे करत कोवाडला जाता येतं. कोवाड चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. ताम्रपर्णीच्या काठचं गाव. रणजित देसाईंचं. लोक तिथं जाताना 'स्वामी' घेऊन जातात. घेऊ नका, असं मी सांगते. 'स्वामी' उत्तम कादंबरी आहे, पण ती पुण्याची आणि थेऊरची. कोवाडला नदीकाठी बसून शनिवारवाड्यातला दरबार वाचायचा म्हणजे लक्ष समोरच्या पाण्यावरून सारखं उडतं. त्यापेक्षा त्यांच्या खेड्यातल्या गोष्टी न्या. किंवा 'बारी' न्या, सुतगट्टीच्या रानातल्या बेरड समाजावरची. ती तर वाटेवरच वाचता येते, कारण सुतगट्टी बेळगाव-संकेश्वर रस्त्यावर आहे. बारी म्हणजे खिंड. आमच्याकडं हा शब्द अजून बोलण्यात आहे. चौपदरी रस्त्यानं ते रान पूर्वीसारखं राहिलेलं नाही, तरी काकती ओलांडल्यावर चढण लागली की पुस्तक उघडायचं.

बेळगाव शहरात दिवस घालवायचा असेल तर प्रकाश नारायण संतांचा लंपन बरोबर असू द्या. इंदिराबाईंचे हे चिरंजीव. 'वनवास'पासून 'झुंबर'पर्यंत चार पुस्तकं, आणि त्यांत आजीआजोबांकडं राहणाऱ्या मुलाचं कानडी-मराठी मिसळलेलं गाव. त्या गावाचं नाव शोधत बसू नका. टिळकवाडीतल्या एखाद्या जुन्या कौलारू घरासमोर, जिथं आत पेटी वाजते आणि बाहेर भाजीवाली कानडीत दर सांगते, तिथं कट्ट्यावर बसून दहा पानं वाचा. माझी भाची पुण्याहून आली होती, तिला मी तसं बसवलं. तिसऱ्या पानावर तिनं विचारलं, "मावशी, हे सगळे एका वाक्यात दोन भाषा कशा बोलतात?" तेवढ्यात समोरच्या घरातल्या आजींनी नातवाला हाक मारली, "बा रे, जेवायला ये की!" भाचीला उत्तर मिळालं.

सौंदत्तीकडं जाणार असाल तर मलप्रभेकाठी गुर्लहोसूर आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म तिथला, १८४३चा. १८८०मध्ये त्यांनी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं आणि मराठी संगीत नाटक उभं राहिलं. नाटकाचं पुस्तक एकट्यानं वाचू नये. दोघं-तिघं असाल तर पात्रं वाटून घ्या. पदं गाता येत नसतील तर नुसती म्हणा. आणि हुक्केरी तालुक्यात घटप्रभेच्या काठी घोडगेरी, चंद्रशेखर कंबारांचं गाव. ज्ञानपीठ मिळालेले कन्नड लेखक. त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येणारं शिवापूर हे गाव नकाशावर शोधायचं नाही, पण घोडगेरीच्या आसपासची पांढरी-काळी माती, लोहारांच्या भट्ट्या आणि यल्लम्माच्या वाटेवरची माणसं बघितली की ते कुठून आलं असेल याचा अंदाज येतो. मराठी वाचणाऱ्यांनी कन्नड लेखकाच्या गावी जावं, हे मला मनापासून वाटतं. आम्ही शेजारी राहतो, एका बाजारात भाजी घेतो, एका गाडीत बसतो. शेजाऱ्याच्या घरातली पुस्तकं कधी बघायचीच नाहीत का?

पुस्तक ठरलं की घरी एकदा पूर्ण वाचून घ्या. तिथं जाऊन पहिल्यांदा वाचू म्हणाल तर होत नाही; गावात माणसं बोलायला येतात, गाडी चुकते, ऊन लागतं. घरी वाचताना तीन जागा निवडा आणि तिथं कागदाची बारीक पट्टी घाला. पानं दुमडू नका, पेनानं खुणा करू नका, विशेषतः वाचनालयाचं पुस्तक असेल तर. प्रत्येक जागा पाच मिनिटांत मोठ्यानं वाचून होईल एवढीच. तीनपैकी एक जागा नक्की वाचली जाते, दुसरी बहुधा, तिसरी गाडीत.

पुस्तक आणायचं कुठून? बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८पासून चालू आहे. तिथल्या कपाटांसमोर उभं राहिलं की जुन्या कापडी बांधणीचा, किंचित आंबूस वास येतो. त्या वासावर मी मोठी झाले. बाहेरगावचे असाल तर सभासद कसं होता येतं ते तिथंच विचारा. घरात ठेवायला हवं ते विकत घ्या, आणि दुकानातूनच घ्या. एका गावात पुस्तकाचं दुकान बंद पडलं की ते पुन्हा उघडत नाही.

पिशवी आणि गाडी

पिशवीत तीन पुस्तकं. एक वाचायचं, एक देऊन टाकायचं आणि एक कोरी वही. याहून जास्त नेऊ नका, दुपारी खांदा बोलतो. पाण्याची बाटली वेगळ्या पिशवीत. पुस्तकाच्या पिशवीत पाणी, लोणचं आणि कुंदा या तीन गोष्टी कधी ठेवू नयेत. कुंद्याचं तूप पुठ्ठ्यात उतरलं तर पुस्तक जन्मभर गोड वास देतं आणि मुंग्या सोडत नाहीत.

बसनंच जा, स्वतःच्या मोटारीनं नको. मोटारीत बसलं की आपण फक्त आपल्याशी बोलतो. सरकारी बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. अक्षरं येत नसतील तर दोन-तीन गावांची नावं ओळखायला शिकून घ्या, एका संध्याकाळचं काम आहे. तोपर्यंत कंडक्टरला विचारायचं, "खानापूरक्क होगतैतेन्री?" म्हणजे खानापूरला जाते का? उतरताना म्हणायचं, "इल्ले निल्लसरी," म्हणजे इथंच थांबवा. हे 'री' विसरू नका, आपल्या 'हो'सारखं आहे ते, अदबीचं. कंडक्टर बहुधा मराठीतच उत्तर देतो, पण तुम्ही त्याच्या भाषेत विचारलं म्हणून जागा बघून देतो. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना २०२३पासून साध्या सरकारी बसला तिकीट पडत नाही; ओळखपत्र दाखवावं लागतं, ते वरच्या कप्प्यात ठेवा. पलीकडं चंदगडच्या बाजूला गेलात की महाराष्ट्राची लाल गाडी किंवा वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप.

गावात पोचल्यावर पहिलं काम परतीच्या गाडीची चौकशी. हॉटेलवाल्याला विचारा, फलाटावरच्या वेळापत्रकाला नको. शेवटची गाडी गावातच मुक्कामाला थांबणारी, म्हणजे वस्तीची असेल, तर ती परत येत नाही, सकाळी निघते. हे न कळल्यामुळं एकदा मला जांबोटीच्या पुढं एका शाळेतल्या बाईंच्या घरी राहावं लागलं. त्यांनी गरम भात, आमटी आणि नाचणीची भाकरी वाढली, आणि रात्री त्यांच्या सासूबाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. माझ्या पिशवीत तेव्हा 'मालनगाथा' होतं, इंदिरा संतांनी ओव्यांवर केलेलं मोठं काम. मी एक ओवी वाचायला सुरुवात केली की सासूबाई मध्येच थांबवायच्या, "आमच्यात असं नाही म्हणत," आणि आपली म्हणायच्या. शब्द एक-दोनच वेगळे, पण माहेरच्या वाटेवरचं झाड बदललेलं असायचं. रात्री साडेअकरापर्यंत माझ्या वहीची अठरा पानं भरली. म्हणून कोरी वही न्या म्हणते. आणि लिहून घेताना म्हणणाऱ्या बाईला विचारा, लिहू का? लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवा.

हलशी, जिथली पानं तांब्याची आहेत

खानापूरला उतरून नंदगडवरून हलशीला जायचं. भात कापून झालेलं, शेतात वाळायला टाकलेलं, असा नोव्हेंबरचा शेवट सगळ्यांत चांगला. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. १८३१मध्ये इंग्रजांनी त्याला इथं फाशी दिलं. लोक तिथं पाळणा बांधतात, नवस बोलतात. दहा मिनिटं थांबा.

हलशी म्हणजे जुन्या कदंब राजांची पलाशिका. काकुस्थवर्म्यापासूनच्या कदंब राजांचे संस्कृतातले ताम्रपट इथं सापडले, त्यांत जैनांना दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तांब्याच्या पत्र्यावर अक्षर न् अक्षर कोरून, पत्रे कडीत ओवून, हे या गावचं म्हणून लिहून ठेवलं. पुस्तकाची बांधणी आणखी वेगळी काय असते! ते ताम्रपट आता गावात बघायला मिळत नाहीत. पण भूवराह नरसिंहाचं मंदिर आहे, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, १२व्या शतकातलं. आत समोरासमोर दोन गाभारे. एकीकडं नरसिंह, दुसरीकडं पृथ्वी उचललेला वराह, आणि मधल्या मंडपात उभं राहिलं की दोघांची नजर आपल्यावरून जाते.

इथं मी पुस्तक उघडत नाही. शिलालेखासमोर उभं राहते आणि अक्षरांवर नजर फिरवते, अर्थ लागत नाही तरी. हात लावायचा नाही, खडूनं अक्षरं ठळक करायची नाहीत, पाणी ओतून फोटो काढायचा नाही. दगडाचा पदर सुटतो. माझ्या शाळेतली मुलं घेऊन गेले होते तेव्हा एक चौथीतली मुलगी शिलालेखाच्या ओळी बोटानं हवेतल्या हवेत गिरवत होती. "बाई, हा ट असेल," म्हणाली. नसेलही. पण तिनं अर्धा तास तिथून हलायला नकार दिला. लहान मुलांना न्यायचं असेल तर पाटी-पेन्सिल द्या आणि दिसतं ते अक्षर काढायला सांगा, एवढं पुरतं.

पावसाची बाजू

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा पट्टा जुलैत बघण्यासारखा असतो, पण तेव्हाच तो पुस्तकांचा शत्रू असतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. तिथल्या माऊली मंदिरापाशी उभं राहिलं की पाऊस वरून पडतो की आजूबाजूनं येतो तेच कळत नाही. छत्री उपयोगाची नाही. तिथली माणसं इरलं किंवा खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेतात, तेच बरोबर. पुस्तकालाही तोच कागद गुंडाळा, दोन घड्या करून, उघडी बाजू खाली. माझ्या पिशवीला तळाशी बोटाएवढं भोक होतं, ते मला माहीत नव्हतं. बसमध्ये बसल्यावर मांडी ओली लागली तेव्हा बघितलं. पुस्तक वाचनालयाचं, जुनं, आता न मिळणारं. मला रडू आलं.

ओलं पुस्तक वाचवता येतं, पण घाई करायची नाही. मी जे केलं आणि नंतर एका जुन्या बांधणीवाल्या काकांनी ज्यात सुधारणा केली, ते असं.

चिंब भिजलेलं पुस्तक लगेच उघडायचं नाही, ओलं पान कापसासारखं फाटतं. आधी मिटलेलंच जाड पंच्यात गुंडाळून हलक्या हातानं दाबा, पिळू नका. मग ते उभं करा, पुठ्ठे थोडे फाकवून, खाली कोरा कागद घालून, पंख्याखाली. उन्हात किंवा चुलीपाशी ठेवाल तर पानं पिवळी पडतात आणि पुठ्ठा वाकतो. पानं दमट झाली, म्हणजे हाताला गार लागतात पण बोट ओलं होत नाही, की दर पंधरा-वीस पानांत एक कोरा कागद घाला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई ओल्या पानावर उतरते. मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं चालतात. हे कागद दोन-दोन तासांनी बदलायचे. फार कागद एकदम कोंबले तर पाठीचा कणा फुटतो. चित्रांची गुळगुळीत पानं असतील तर मात्र ती वाळायच्या आत एकेक सुटी करून मध्ये कागद घातलाच पाहिजे. चिकटून वाळली की पुन्हा सुटत नाहीत.

दोन दिवसांत वाळणार नाही असं वाटलं तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून द्या. बुरशी थांबते, आणि सवडीनं काढून वाळवता येतं. काका हे म्हणाले तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं, पण नंतर दोन वह्या मी तशाच वाचवल्या. पूर्ण वाळल्यावर पुस्तक आडवं ठेवून वर पाट आणि पाटावर वरवंटा, तीन दिवस. कणा सैल झाला असेल तर मैद्याची खळ करून लावायची. खळीत काका चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कसर आणि झुरळं लागत नाहीत. मोरचूद विषारी आहे, लहान मुलांपासून लांब ठेवा, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, हात धुवा.

ते पुस्तक मी आठ दिवसांनी वाचनालयात नेऊन दिलं आणि काय झालं ते सांगितलं. पानांना लाटा राहिल्या आहेत, पण वाचता येतं. पावसाळ्यात आता मी वाचनालयाचं पुस्तक कणकुंबीला नेत नाही. स्वतःचं नेते.

गावोगावची संमेलनं

बाहेरच्या वाचकाला एकच दिवस मिळणार असेल, तर मी त्याला मंदिर नाही, धबधबा नाही, एखाद्या गावचं मराठी साहित्य संमेलन दाखवीन. बेळगाव शहरात अखिल भारतीय संमेलनं झाली, १९२९, १९४६ आणि २०००मध्ये. १९४६च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ते इतिहासात गेलं. पण कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी, खानापूर तालुक्यात माचीगड, निपाणीकडं कारदगा, या गावांतली माणसं आपापलं संमेलन स्वतः भरवतात. हिवाळ्यात, सुगी उरकली की, रविवारी. तारखा बेळगावच्या मराठी वर्तमानपत्रांत येतात. प्रवेश सगळ्यांना.

उद्घाटनाला जाऊ नका, त्याच्या आधी जा. सकाळी आठच्या सुमारास ग्रंथदिंडी निघते, आणि तीच बघायची असते. एका गावातली मला डोळ्यांसमोर आहे. रात्री दव पडलेलं, गल्लीत सडा घातलेला, दारोदारी रांगोळ्या. पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा आणि संविधान, वर झेंडूचे हार. पुढं लेझीम, मग टाळ-मृदंग, मग डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका. पालखी दारात आली की घरातली बाई तांब्यानं खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालते आणि पुस्तकांना ओवाळते. एका घरातून एक म्हातारे आजोबा बाहेर आले, टोपी काढली, आणि ज्ञानेश्वरीला हात लावून तोच हात नातीच्या डोक्यावर ठेवला. नातीच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं, रविवार असूनही. तिला ते दिंडीत न्यायचं होतं, आपली पुस्तकं घेऊन.

दिंडीत चाला, बाजूनं फोटो काढत फिरू नका. कुणी पालखीचा दांडा हातात दिला तर घ्या.

मांडवात पहिलं सत्र भाषणांचं. जमलं तर ऐका. दुपारी जेवण गावाकडून असतं, पंगतीत बसा. भात आमच्याकडचा, येळ्ळूर-शहापूरच्या शिवारातला असेल तर ताटावर यायच्या आधी वास येतो. जेवणानंतर लोक झाडाखाली पडतात, तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवर जा. गर्दी नसते, विक्रेता बोलायला मोकळा असतो. तिथं मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं असतातच, पण एका कोपऱ्यात पातळ पुस्तकं असतात, इथल्याच शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी, बँकेतल्या कारकुनांनी पदरचे पैसे घालून छापलेल्या कविता आणि आठवणी. त्यातलं एक नक्की घ्या, सुटे पैसे देऊन, घासाघीस न करता. ती पुस्तकं दुसरीकडं मिळत नाहीत. सगळी चांगली असतात असं नाही. पण एखाद्या ओळीत रताळ्याच्या वेलाची, मळणीच्या धुळीची किंवा शाळा बंद पडल्याची अशी खूण असते की ती दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती. संध्याकाळचं कविसंमेलन सोडू नका, आणि ते संपायच्या आधी परतीच्या गाडीचं बघून ठेवा.

पुस्तक मागे ठेवताना

पिशवीतलं दुसरं पुस्तक गावात ठेवून यायचं असतं. कुणाला द्यायचं ते आधी ठरवू नका. ज्यानं तुम्हाला वाचताना ऐकलं, त्याला द्या. शाळेला देत असाल तर मुख्याध्यापकांच्या कपाटात नाही, वर्गात द्या. कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली रजेवर असते. फाटकं, कालबाह्य झालेलं, आपल्याला नको असलेलं पुस्तक देऊ नका. आपल्याला द्यावंसं वाटत नाही तेच द्या.

मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवते, त्याच खळीनं. वर लिहिते, 'वाचून झालं की पुढं द्या,' आणि खाली तीन रकाने: गाव, नाव, तारीख. खानापूर तालुक्यातल्या एका वाडीत ठेवलेलं कथांचं पुस्तक तीन वर्षांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला आणून दिलं. तो तिकडं दूध संकलनाच्या गाडीवर असतो. कागदावर नऊ नावं होती. चार गावं. पाचव्या ओळीत नावाच्या जागी निळ्या शाईचा अंगठा होता, आणि शेजारी कोवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आजीने ऐकलं. मी वाचलं.' त्याच्या खालच्या ओळीपासून पुढच्या सगळ्यांनी, न सांगता, पेन्सिलीनं एक जास्तीची रेघ ओढली होती आणि वर लिहिलं होतं 'कोणाला वाचून दाखवलं'.

तुम्ही कागद आखताना सुरुवातीपासूनच चार रकाने आखा. आणि कागद थोडा मोठा घ्या, एका ओळीत दोन नावं मावतील एवढा.